कोशिंबिरीला पाणी का सुटते?



अशी कल्पना करा, की फेब्रुवारी महिना आहे. नागपूरच्या बाजारात मृगबहाराची संत्री येऊ लागली आहेत. तुमच्या वर्गाची सहल रामटेकला निघाली आहे आणि जेवणाचे पदार्थ मुलामुलींनी आपसांत वाटून घेतले आहेत. कुणाकडे पुऱ्या, कुणाकडे बटाट्याची भाजी, कुणाकडे चिवडा. तुमच्या वाट्याला आली आहे फळांची कोशिंबीर, तीही चाळीस जणांची!

तुम्ही मोठ्या उत्साहाने पहाटेच उठलात. चार डझन संत्री सोलून त्यांचे तुकडे केलेत. पेरू, केळी आणि पपई चिरलीत. आजी म्हणाली, "फेसलेल्या मोहरीशिवाय कोशिंबिरीला चव नाही रे बाबा!" म्हणून मोहरी कुटलीत आणि घाईघाईने उकळत्या पाण्यात कालवून तीही घातलीत. मीठ-साखर, मिरची आणि बारीक चिरलेला सांबार (पुण्या-मुंबईकडे याला कोथिंबीर म्हणतात) घालून सगळे नीट ढवळलेत. एवढा मोठा डबा घरात एकच होता, आजोबांच्या वेळचा पितळी. त्यात कोशिंबीर भरून सकाळी सहाला तुम्ही घराबाहेर पडलात.

दुपारी एक वाजता अंबाळा तलावाच्या काठी पंगत बसली. तुम्ही ऐटीत डबा उघडलात, आणि पाहता तो काय! डब्याच्या तळाशी वाटीभर पाणी. केळी आणि पेरू काळपट पडलेले. सकाळी गोड लागलेल्या संत्र्याला कडवट चव. मोहरीचा झणका कुठेच नाही. डब्याच्या कडेला किंचित हिरवट छटा. बाईंनी वास घेतला, चमचाभर चाखून पाहिली आणि म्हणाल्या, "ही कुणीही खायची नाही." डबा तसाच बाजूला ठेवला गेला.

तुम्हांला वाईट वाटले असेल. पण बाईंचे बरोबर होते. डोळ्यांना दिसलेले दोष पाच होते आणि सहावा, सर्वांत मोठा, दिसणारा नव्हताच. फळे तर उत्तम होती. मग बिघडले काय? चला, एकेका दोषाचा छडा लावू या. त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. स्वयंपाकघर पुरे.

पाणी आले कुठून?

कोशिंबिरीत पाणी कुणी ओतले नव्हते. ते फळांमधूनच आले. कसे, ते पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा.

एक काकडी चोचवून दोन सारख्या वाट्यांत घाला. एका वाटीत चमचाभर मीठ मिसळा, दुसरीत काही घालू नका. अर्ध्या तासाने दोन्ही वाट्या तिरप्या करून सुटलेले पाणी चमच्याने मोजा. मीठ घातलेल्या वाटीत कितीतरी अधिक पाणी निघेल. काकडी मात्र मऊ आणि मलूल झालेली दिसेल.

काकडी काय, संत्रे काय, प्रत्येक वनस्पती असंख्य पेशींची बनलेली असते. पेशीभोवती अतिशय पातळ पटल असते. या पटलातून पाणी सहज जाते-येते, पण मीठ, साखर यांसारख्या विरघळलेल्या पदार्थांना ते सहजी वाट देत नाही. अशा पटलाला अर्धपार्य पटल म्हणतात. पटलाच्या एका बाजूला पातळ द्रावण आणि दुसऱ्या बाजूला दाट द्रावण असले, की पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे वाहू लागते. या क्रियेचे नाव परासरण. चिरलेल्या फळावर मीठ पडले की ते पृष्ठभागावरच्या ओलाव्यात विरघळते आणि पेशीतल्या रसापेक्षा अधिक दाट द्रावण बाहेर तयार होते. मग पेशीतले पाणी बाहेर येऊ लागते. साखरही हेच करते. शिकरणात साखर घातली की थोड्या वेळाने ते पातळ होते, ते यामुळेच.

ही गोष्ट प्रथम टिपली ती नोले नावाच्या एका फ्रेंच धर्मगुरूने, १७४८ साली. त्याने एका भांड्यात मद्यार्क भरला, भांड्याच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचे कातडे ताणून बांधले आणि भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पाहतो तो कातडे फुगून टम्म झालेले! बाहेरचे पाणी आत शिरले होते. तुम्हांला हाच प्रयोग मनुकांवर करता येईल. मनुका साध्या पाण्यात फुगतात, कारण त्यांच्यातला साखरेचा रस बाहेरच्या पाण्यापेक्षा दाट असतो. कैरीच्या फोडींना मीठ लावले की खार सुटतो, त्याचेही कारण परासरणच. लोणच्यात जे हवे असते, तेच कोशिंबिरीत नको असते, एवढाच फरक.

संत्र्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. संत्र्याची एक फोड घेऊन तिचे वरचे पातळ आवरण हळूच सोला. आत तांदळाच्या दाण्यांसारख्या रसाच्या लांबट पिशव्या दिसतील. या पिशव्या म्हणजे फोडीच्या आतल्या भिंतीपासून वाढलेले आणि रसाने भरलेले केसच असतात. त्यांच्यावर मेणाचा अगदी पातळ थर असतो. त्यामुळे अखंड पिशवी आपला रस बराच वेळ सांभाळते. सुरीने फोडींचे तुकडे केले की मात्र शेकडो पिशव्या फुटतात आणि रस वाहू लागतो. म्हणून कोशिंबिरीसाठी संत्रे बोटांनी सोलावे, सुरीने कापू नये. आणि मीठ घालावे ते पान वाढताना.

कडूपणा कुठे लपला होता?

सकाळी गोड लागलेले संत्रे दुपारी कडू का झाले? हा प्रश्न तुमच्या-आमच्यापुरता नाही. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या भागात पिकणाऱ्या नागपुरी संत्र्याचा रस काढून बाटलीबंद करू पाहणाऱ्या कारखानदारांनाही याच प्रश्नाने सतावले आहे.

संत्र्याच्या बियांत, फोडींच्या आवरणात आणि सालीखालच्या पांढऱ्या गरात एक पदार्थ असतो. तो स्वतः कडू नसतो. फळ अखंड असते तेव्हा हा पदार्थ आणि आंबट रस वेगवेगळ्या पेशींत राहतात. त्यांची गाठच पडत नाही. पण फळ कापले, पिळले किंवा बिया ठेचल्या गेल्या की दोघे एकत्र येतात. रसातल्या आम्लामुळे त्या पदार्थाची रचना हळूहळू बदलते आणि लिमोनिन नावाचे अत्यंत कडू संयुग तयार होते. ही क्रिया मिनिटांत होत नाही, तिला काही तास लागतात. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि ठेवलेला रस कडू. शास्त्रज्ञ याला विलंबित कडूपणा म्हणतात. लिमोनिन इतके कडू असते, की रसाच्या दहा लाख भागांत ते सुमारे सहा भाग असले तरी पुष्कळांच्या जिभेला कळते.

करून पाहा: एका संत्र्याच्या फोडी आवरण, शिरा आणि बिया काढून नुसत्या कुस्करा. दुसऱ्या संत्र्याच्या फोडी बिया आणि पांढऱ्या शिरांसह वाटून घ्या. दोन्ही रस गाळा आणि लगेच चाखा. मग झाकून थंड जागी ठेवा आणि चार-पाच तासांनी पुन्हा चाखा. फरक तुमची जीभच सांगेल.

नागपूरला अमरावती रस्त्यावर लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिची स्थापना १९८५ साली झाली. आता ती केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. झाडांचे रोग, पाणी, खते यांच्या जोडीला बिया कमी असलेले संत्रे मिळवण्याचे कामही तिथे झाले आहे. बी कमी म्हणजे खाताना त्रास कमी, एवढेच नव्हे. बी कमी म्हणजे रसात कडूपणा आणणाऱ्या पदार्थाचे एक कोठारही कमी. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला. आपल्या मातीतल्या या फळाचे गुण जितके जाणावे, तितकेच त्याचे हे अवगुणही जाणायला हवेत.

जाता जाता एक युक्ती सांगतो. कडवट झालेल्या फोडीवर चिमूटभर मीठ टाकून खाऊन पाहा. ती कमी कडू लागेल. मिठामुळे कडू चवीची जाणीव दबते आणि मागे लपलेली गोडी पुढे येते. कोशिंबिरीत मीठ घालतात ते काही खारटपणासाठी नव्हे.

केळे काळे, संत्रे मात्र तसेच

कापलेले केळे, पेरू, सफरचंद, वांगे ही सगळी हवेत काळी पडतात. संत्रे किंवा लिंबू मात्र कापून ठेवले तरी काळे पडत नाही. असे का?

केळ्याच्या पेशीत फिनॉल वर्गातली संयुगे असतात आणि त्याच पेशीत, पण वेगळ्या कप्प्यात, एक विकर असते. विकर म्हणजे सजीवांमधील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. सुरी फिरली की कप्पे फुटतात. विकर, फिनॉल आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात, ऑक्सिडीकरण होते आणि शेवटी तपकिरी रंगाचे पदार्थ बनतात. या विकराच्या केंद्रस्थानी तांब्याचे अणू असतात. ते आम्लात नीट काम करू शकत नाही. शिवाय जीवनसत्त्व क असेल तर ते अर्धवट झालेले ऑक्सिडीकरण उलटवून टाकते. लिंबू-संत्र्यात आम्लही आहे आणि जीवनसत्त्व कही. म्हणून ती काळी पडत नाहीत आणि शेजाऱ्यालाही पडू देत नाहीत.

करून पाहा: केळ्याच्या चार चकत्या घ्या. एक तशीच ठेवा, दुसरीला साधे पाणी, तिसरीला मिठाचे पाणी आणि चौथीला लिंबाचा रस लावा. दर दहा मिनिटांनी रंग पाहा आणि वहीत नोंद करा. यातून कोशिंबिरीचा एक नियम तुम्हांला आपोआप सापडेल. केळे आणि पेरू सर्वांत शेवटी चिरावेत आणि थेट संत्र्याच्या रसातच टाकावेत.

विळी लोखंडी असेल तर आणखी एक डाग पडतो. फळातले टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने निळसर काळा रंग तयार होतो. पूर्वी शाईही अशाच रीतीने, हिरडा आणि हिराकस यांपासून बनवीत. तुमच्या काळ्या पडलेल्या पेरूत थोडी शाईही होती म्हणा ना!

आजीची मोहरी रुसली का?

हा प्रश्न माझ्या विशेष आवडीचा आहे. मोहरीचा एक कोरडा दाणा चावून पाहा. प्रथम तो जवळजवळ बेचव लागतो. थुंकीत भिजल्यावर काही क्षणांनी झणका जाणवू लागतो. म्हणजे तिखटपणा दाण्यात तयार नसतो. तो तयार होतो.

मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचे संयुग असते. त्याच दाण्यातल्या वेगळ्या पेशींत मायरोसिनेज हे विकर असते. दाणा चिरडला आणि त्याला पाणी मिळाले की विकर सिनिग्रिनचे विघटन करते आणि नाकात झिणझिण्या आणणारे तेल निर्माण होते. झाडाच्या दृष्टीने ही संरक्षणाची योजना आहे. किडीने चावा घेताच शस्त्र तयार! तोवर त्याचे दोन भाग वेगवेगळ्या कोठारांत.

आता तुमची चूक कळली? विकर हे प्रथिन असल्यामुळे उकळत्या पाण्यात ते निकामी होते. मग झणका येणार कुठून? मोहरी फेसायची ती थंड पाण्यातच. वाटून, पाणी घालून, झाकून पाच-दहा मिनिटे ठेवायची. आजीला विकर हा शब्द माहीत नसेल, पण त्याच्याशी कसे वागायचे ते तिला पक्के ठाऊक आहे. लिंबू किंवा दही त्यानंतर घालावे. आम्लाने विकराचे काम मंदावते आणि तयार झालेला झणका टिकून राहतो. आधीच आम्ल घातले तर झणका पुरता तयारच होत नाही.

यावरून फोडणीतल्या मोहरीचे कोडेही सुटते. कडकडीत तेलात दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, दाणा तडतडून फुटतो आणि विकर जळून जाते. म्हणून फोडणीची मोहरी खमंग लागते, तिखट लागत नाही. दाणा एकच, पण चवी दोन.

मिरचीची गोष्ट निराळी आहे. तिच्यातले कॅप्सेसिन आधीच तयार असते. जिभेवरच्या ज्या ग्राहकामुळे आपल्याला भाजल्याची जाणीव होते, त्यालाच ते चेतवते. म्हणून मिरचीने तोंड ‘भाजते’. हा ग्राहक १९९७ साली ओळखला गेला आणि त्या कामाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचा मान आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर मिळाला. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेव्हा तोंड भाजले तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही घ्या.

पितळी डबा आणि कल्हई

डब्याच्या कडेला दिसलेली हिरवट छटा तुम्ही विसरला नसालच. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आंबट रस आणि हवा यांच्या संपर्कात तांबे हळूहळू विरघळते आणि त्याचे क्षार बनतात. पदार्थ कळकला, असे आपण म्हणतो ते हेच. तांब्याचे क्षार अधिक प्रमाणात पोटात गेले तर मळमळते, ओकाऱ्या होतात. म्हणून तर पूर्वी घरोघरी भांड्यांना आतून कल्हई करून घेत. कल्हईवाला भांडे तापवून, नवसागराने साफ करून आत कथलाचा पातळ थर चढवी. तुमच्या डब्याची कल्हई कधीच गेलेली होती! आंबट पदार्थांसाठी काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टीलचे भांडे वापरा. तांबे आणखी एक नुकसान करते. त्याच्या सान्निध्यात जीवनसत्त्व क फार लवकर नष्ट होते.

डोळ्यांनी पाहा जीवनसत्त्व क

१७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या शल्यवैद्याने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या. सर्वांना जेवण सारखे दिले. मात्र एका जोडीला सफरचंदाची आंबवलेली दारू, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचे पाणी असे निरनिराळे उपाय दिले. एका जोडीला दररोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले. सहा दिवसांतच संत्री-लिंबे संपली, पण तेवढ्यात या जोडीतला एक जण कामावर रुजूही झाला! तरीही ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडले. त्या रसातला गुणकारी पदार्थ सेंट-जॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९२८ साली प्रथम वेगळा केला. पुढे त्याने तो मिरचीच्याच जातीच्या पॅप्रिकातून भरपूर मिळवला. १९३७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

हे जीवनसत्त्व तुम्हांला घरीही ओळखता येईल. कपभर पाण्यात चमचाभर भाताची पेज घाला. त्यात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पोव्हिडोन आयोडीनचे थेंब, पाण्याला गडद निळा रंग येईपर्यंत टाका. हे निळे पाणी चार पेल्यांत सारखे वाटा. आता पहिल्या पेल्यात संत्र्याचा गाळलेला रस थेंब थेंब टाकत ढवळा आणि किती थेंबांनी रंग नाहीसा होतो ते मोजा. दुसऱ्यात पेरू वाटून, तेवढेच पाणी घालून गाळलेला रस टाका. तिसऱ्यात व्हिनेगर टाका. रंग नुसत्या आंबटपणाने जात नाही, याची खात्री त्यावरून पटेल. जितके कमी थेंब लागतील, तितके जीवनसत्त्व अधिक. १०० ग्रॅम संत्र्यात हे जीवनसत्त्व ३० मिलिग्रॅमच्या आसपास, तर पेरूत २०० मिलिग्रॅमच्या घरात असते. पेरूचा रस पाण्याने पातळ केलेला असूनही बाजी मारतो का, ते पाहा.

चौथ्या पेल्याचे काय? चिरलेला पेरू तासभर थोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि ते पाणी या पेल्यात टाका. निळा रंग फिका पडू लागेल! फळातले जीवनसत्त्व पाण्यात उतरले, असा याचा अर्थ. म्हणूनच फळे आधी धुवावीत आणि मग चिरावीत, चिरून धुऊ नयेत. एक सूचना: आयोडीन लागलेले काहीही तोंडात घालू नका आणि पेले नंतर स्वच्छ घासा.

न दिसलेला दोष

आता बाईंनी डबा बाजूला का ठेवला, ते पाहू.

अखंड फळ म्हणजे बंद किल्ला. साल हा त्याचा तट. बाहेर धुळीतले, हातांवरचे, सुरीवरचे कितीही जिवाणू असोत, आत शिरकाव नाही. सुरीने आपण तट फोडतो आणि सालीवरचे जिवाणू पात्याबरोबर थेट गरात नेतो. आत त्यांना पाणी आहे, साखर आहे आणि फेब्रुवारीच्या दुपारची ऊबही आहे.

अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. सकाळी सहा ते दुपारी एक म्हणजे सात तास. सात तासांत वीस मिनिटांचे २१ टप्पे. एका जिवाणूपासून सुरुवात केली तर २ चा २१ वा घात, म्हणजे २०,९७,१५२! वहीत पडताळून पाहा. प्रत्यक्षात वाढ इतकी बेसुमार होईलच असे नाही. संत्र्याच्या रसाचा सामू साडेतीन ते चारच्या दरम्यान असतो आणि एवढ्या आम्लात बहुतेक रोगजंतूंची वाढ फार मंदावते. पण मंदावते याचा अर्थ ते मरतात असा नव्हे. शिवाय तुमच्या डब्यात पपई आणि केळीही होती. पपई, टरबूज, खरबूज यांचा सामू पाच-सहाच्या आसपास असतो. अशा कमी आंबट फळांच्या फोडींवर हगवण, विषमज्वर यांच्या जंतूंना वाढायला भरपूर वाव मिळतो.

ही गोष्ट सहलीपुरती नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, घसा कोरडा पडतो आणि हातगाडीवरच्या टरबुजाच्या लालभडक फोडी खुणावतात. त्या कधी चिरल्या, सुरी कशाने धुतली, खालचा बर्फ कोणत्या पाण्याचा, हे आपल्याला ठाऊक नसते. टरबूज जरूर खा, पण अखंड घ्या, घरी साल धुवा, चिरा आणि लगेच खा. चिरलेले फळ बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नका. कडक उन्हाळ्यात एकच तास. वास चांगला आहे म्हणजे फळ चांगले आहे, या समजुतीवरही विसंबू नका. रोगजंतू वास देऊन येत नाहीत.

कोशिंबिरीची दूरची बहीण

मेक्सिकोत साल्सा नावाचा पदार्थ घरोघर होतो. आंबा, अननस किंवा संत्रे यांचे बारीक तुकडे, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मीठ घालून फळांचा साल्साही करतात. आपली कोशिंबीरच म्हणा ना! साल्सा हा स्पॅनिश शब्द मीठ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. त्यात पडणारी संत्री, आंबे, कांदा, कोथिंबीर ही सगळी आपल्या बाजूच्या जगातून अमेरिकेत गेली. उलट आपल्या कोशिंबिरीतली मिरची, टोमॅटो, पेरू, पपई ही तिकडून इकडे आली. १४९२ साली कोलंबस अमेरिकेला पोचला, त्यानंतरची ही देवघेव आहे. दोन दूरच्या देशांतल्या स्वयंपाकघरांनी एकमेकांना न विचारता एकच युक्ती शोधली, ती म्हणजे गोड, आंबट, तिखट आणि खारट यांचा मेळ घालण्याची.

आता पुन्हा एकदा करू या

चार जणांसाठी साहित्य: चार संत्री, एक घट्ट पेरू, एक केळे, अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे, पाऊण चमचा मोहरी, एक हिरवी मिरची, थोडा सांबार, अर्धे लिंबू, चवीपुरती साखर आणि मीठ.

१. हात साबणाने धुवा. फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि स्वच्छ फडक्याने पुसा.

२. मोहरी वाटून दोन चमचे थंड पाण्यात फेसा आणि झाकून ठेवा. दहा मिनिटांनी तिच्यात लिंबाचा रस घाला.

३. संत्री सोलून शिरा, आवरण आणि बिया बोटांनी काढा. गळणारा रस काचेच्या वाडग्यात धरा. बी फुटू देऊ नका.

४. पेरू आणि केळे स्टीलच्या सुरीने चिरून थेट त्या रसात टाका. डाळिंबाचे दाणे, संत्र्याच्या फोडी, मिरची, सांबार आणि मोहरी घालून हलक्या हाताने कालवा.

५. पाने वाढली की मीठ-साखर घाला आणि लगेच वाढा.

प्रत्येक पायरीचे कारण आता तुम्हांला सांगता येईल. येते का पाहा. शिक्षकांना एक विनंती: वर्गाचे सहा गट करून प्रत्येक गटाला एकेक दोष द्यावा आणि प्रयोगाने त्याचे कारण सिद्ध करायला सांगावे. तासाभरात परासरण, विकर, आम्ले, जीवनसत्त्वे आणि जिवाणू एवढे धडे एका वाडग्यात शिकवून होतील.

आणि रामटेकच्या सहलीचे काय? तिथे कोशिंबीर न्यायचीच नाही. नेायची ती अखंड, धुऊन पुसलेली संत्री. संत्र्याला हवाबंद, जंतूंना दाद न देणारा, कल्हईची गरज नसलेला डबा निसर्गानेच दिलेला आहे. मोहरीची कोरडी पूड, मीठ आणि साखर यांच्या वेगळ्या पुड्या, पिण्याच्या पाण्याची बाटली, साबण आणि एक मोठे स्टीलचे पातेले, एवढे सामान बरोबर घ्या. तलावाकाठी पोचलात की सगळ्यांनी हात धुवून आपापले संत्रे सोलायचे. चाळीस मुले, चाळीस संत्री. दहा मिनिटांत मोहरीचा झणका तयार होईल, तेवढ्यात संत्रीही सोलून होतील. मग पंगतीत बाईंच्या पानात पहिला चमचा तुम्हीच वाढा.